घाऊक घेतलं तर महाग पडलं!

किराणा घाऊक घेतला तर स्वस्त पडतो ना आपल्याला? डिझेलचं मात्र उलटं झालं होतं.

जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने ठरवलं, घाऊक ग्राहकांना बाजारभाव, पंपावर मात्र सवलत. एसटी डेपोसाठी टँकरने घेणार, म्हणजे घाऊक! लिटरमागे १० रुपयांच्या आसपास जास्त. मग लालपरी निघाली खासगी पंपावर. आमची बस ट्रकांमागे रांगेत, पासवाली कॉलेजची पोरं घड्याळ बघतायत, आणि पुढे सहलीला निघालेली एसी गाडी सवलतीचं डिझेल भरतेय. तिला कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला नाही हो!

मार्च २०२२ मध्ये पुन्हा तेच. मुंबईत पंपावर ९४.१४ रुपये, घाऊक १२२.०५. सहलीवाल्यांना कमी भाव, गावोगाव माणसं नेणाऱ्या बससेवांना जास्त. हा हिशोब कुणी समजावून सांगेल का?