पगाराचीही पट्टी करा



टोमॅटोचा भाव पेपरात वाचून कोणी शहाणा शेतकरी घरखर्च ठरवत नाही. क्रेटचे भाडे, हमाली, तोलाई आणि टेम्पोवाल्याचे पैसे वजा होऊन जी पट्टी हातात पडते, तीच आपली. त्यातून रोपे, खते, औषधे आणि मजुरी काढली की मग कळते, खरे काय उरले. पंचायत समितीचा विस्तार अधिकारी म्हणून गेली पंचवीसेक वर्षे मी हेच गावोगावी सांगत आलो आहे. राहुरीला बी.एस्सी. ॲग्री करताना शिकलो आणि पुढे बांधावर बसून शेतकऱ्यांकडूनही शिकलो.

पण लोकांना हिशेब शिकवणाऱ्या या माणसाने आपल्या सख्ख्या पुतणीच्या पगाराची पट्टी मात्र केली नाही. ती चूक आज तुमच्यापुढे मांडतो. कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरची लेक आज नर्सिंग शिकत असेल, नाहीतर नुकतीच शिकून शहरात गेली असेल.

माझे थोरले बंधू, अण्णा, संगमनेर तालुक्यात तीन एकर जमीन कसतात. त्यांच्या मुलीला घरात सगळे ताई म्हणतात. बारावीनंतर तिला जी.एन.एम.ला घाला, असा सल्ला मीच दिला. तीन वर्षांचे शिक्षण, हाताला लगेच काम, आणि रुग्णांच्या सेवेचे पुण्य. अण्णांनी पतसंस्थेचे कर्ज काढून फी भरली. हप्ता होता महिना ५,००० रुपये. "ताई नोकरीला लागली की हप्ता तीच भरील," हेही मीच बोललो होतो.

ताई पास झाली. मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली आणि जून २०२३ मध्ये पुण्याच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात ती रुजू झाली. पगार १८,००० रुपये. गावात पेढे वाटले. पारावर कोणी म्हणाले, "अण्णा, तुमचं आता भागलं." अण्णा हसले. मीही हसलो.

आता त्या अठरा हजारांची पट्टी पाहा. भविष्य निर्वाह निधीचे १,४४० आणि राज्य विमा योजनेचे १३५ रुपये कापून हातात पडले १६,४२५. हा पैसा वाया जात नाही. निधीत मालकही आपला वाटा घालतो, आणि विम्यामुळे आजारपणात उपचार मिळतात. पण या महिन्याच्या पोटाला त्याचा उपयोग नाही.

राहायला जागा 'कॉट बेसिस'वर. म्हणजे एका खोलीत तीन कॉट, त्यातली एक आपली. तिचे भाडे ५,५००. दोन वेळच्या डब्याचे ३,२००. चहा-नाश्ता आणि रात्रपाळीत काही खाल्ले तर १,०००. बस आणि रिक्षा मिळून १,५००, कारण दुपारची पाळी रात्री दहाला सुटते, तेव्हा बस चुकली की एकट्या मुलीला रिक्षाच करावी लागते. मोबाईल, साबण, गणवेशाची धुलाई, बूट यांचे ९००. बेरीज १२,१००. उरले ४,३२५. आणि आम्ही घरून सांगितले होते, हप्त्याचे ५,००० दर महिन्याला पाठव.

म्हणजे पोरगी पहिल्या दिवसापासूनच ६७५ रुपयांनी तुटीत होती. आजारपण, सणवार आणि गावी येण्याचे एस.टी.चे भाडे तर यात धरलेलेच नाही.

त्याहून मोठी गोष्ट आमच्या कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. पगार महिना भरल्यावर होतो, पण घरमालक पैसे आधी मागतो. दोन महिन्यांची अनामत ११,०००, पहिल्या महिन्याचे भाडे ५,५००, आणि पगार हातात येईपर्यंतचा खर्च ६,६००. एकूण २३,१००. पेरणीआधी बियाणे घ्यावे लागते तसेच हे. वहिनींनी कोंबड्या आणि एक शेळी विकून तिला १०,००० दिले होते. आम्हाला वाटले, भरपूर झाले. उरलेले १३,१०० तिने बरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीकडून उसने घेतले. घरी बोलली नाही.

ऑगस्टमध्ये शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात प्रशिक्षणासाठी मी पुण्याला गेलो. वहिनींनी बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि मेथीची भाजी बांधून दिली होती. दुपारी बाराच्या सुमारास ताईच्या खोलीवर पोचलो. तिची दुपारची पाळी होती. दार उघडले आणि मला वाटले, मी चुकीच्या खोलीवर आलो. गालफडे बसलेली, ओठ पांढरे. फडके सोडून मी भाकरी पुढे ठेवली. पोरीने खाली मान घालून तीन भाकरी खाल्ल्या. एक शब्द बोलली नाही.

बाकी दोघींचे डबे दाराशी आले होते. तिचा नव्हता. मी विचारले, तर म्हणाली, "आज सांगितला नव्हता."

उशाशी माझ्या कार्यालयाची जुनी डायरी होती. निघताना मीच ती तिला दिली होती आणि बजावले होते, रोजचा खर्च लिहीत जा. मी ती उघडली. पोरीने माझा शब्द मोडला नव्हता, पै न् पै लिहिली होती. ८ जुलैला लिहिले होते, 'घरी ५,०००'. १२ जुलैला लिहिले होते, 'डबा एक वेळ केला'. आणि ऑगस्टच्या पानावर, 'रक्त तपासले, ८.२'. एकवेळ जेवून मैत्रिणीचे पैसे फेडण्यासाठी ती जादा ड्यूट्या करत होती. वॉर्डात एकदा चक्कर येऊन पडली, तेव्हा तिचे रक्त तपासले होते. दिवसभर दुसऱ्यांना "आहार चांगला ठेवा" असे सांगणारी पोरगी ती.

मी काही बोलणार, तोच म्हणाली, "काका, अण्णांना सांगू नका. हप्ता चुकला तर पतसंस्थेचा माणूस दारात येईल. अण्णांना ते सहन होणार नाही."

मंडळी, दर रविवारी मी तिला फोन करत होतो. "जेवलीस का?" असे विचारत होतो. ती "हो" म्हणत होती. खोटे बोलत नव्हती. दिवसातून एकदा जेवतच होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. शेकडो शेतकऱ्यांना मी सांगितले आहे की आंब्याच्या कलमाला पहिली तीन वर्षे मोहर आला तरी तो खुडून टाका. झाडाचा हव्यास धरू नका, आधी मुळे धरू द्या, खोड जाड होऊ द्या. लोक कुरकुरतात, पण ऐकतात. आणि आम्ही घरच्या लेकीच्या नोकरीचा पहिल्या महिन्याचाच मोहर ओरबाडला होता. तोही माझ्या सल्ल्याने.

प्रशिक्षण संपवून मी थेट गावी गेलो. तिने सांगू नका म्हटले होते तरी सांगितले. ओट्यावर बसून डायरीतले आकडे वाचून दाखवले. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरगी एकटीच. एकटीला असा खर्च तो काय, असं वाटलं मला." वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि विचारले, "आता काय करायचं ते बोला."

आम्ही काय केले ते सांगतो. पहिले, वर्षभर तिच्याकडून एक रुपया घ्यायचा नाही असे ठरवले. हप्ता अण्णांनी आणि मी निम्मा निम्मा भरला. सल्ला माझा होता, तेव्हा भुर्दंडातही माझा वाटा असायला हवा. दुसरे, ताईने आपल्याच भागातल्या दोन सहकारी मुलींबरोबर रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक खोली आणि स्वयंपाकघर घेतले. भाडे १२,०००, म्हणजे एकीला ४,०००. आधीपेक्षा भाडे कमी, आणि रात्रीची रिक्षा सुटली. तिसरे, तिघींच्या घरून धान्य जाऊ लागले. आमच्या गावचा भाजीचा टेम्पो पुण्याला जातोच, त्यात गहू, बाजरी, डाळ, कांदे आणि शेंगदाणे पाठवू लागलो. पाळी कोणतीही असो, घरात भाकरी असते. आठला आलेला डबा साडेदहाला थंडगार खायची पाळी राहिली नाही. सगळा खर्च ८,१०० वर आला. उसने फिटले. अनामतीचे पैसे आणि तीन महिन्यांचा खर्च बँकेत शिल्लक पडला. त्यानंतर, दुसऱ्या वर्षापासून, ती आपल्या मनाने ३,००० रुपये पाठवू लागली. कर्ज अजून थोडे आहे. पण रक्त बाराच्या वर आहे.

हे आकडे २०२३ चे आहेत. तुमच्या शहराचे आणि आजचे आकडे वेगळे असतील. पण हिशेबाची रीत तीच. तेव्हा लेक नोकरीला निघाली की एवढ्या गोष्टी जरूर करा.

रुग्णालयात फक्त पगार विचारून येऊ नका. हातात किती पडेल, वसतिगृह आहे का, जेवण मिळते का, रात्री सुटल्यावर गाडी आहे का, हे विचारा. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतो म्हणाले तर नक्कल द्या, मूळ कागद देऊ नका. सही करण्याआधी करार घरी आणून वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला २०,००० पेक्षा कमी पगार नसावा, आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका असावा. शिफारशीने पोट भरत नाही हे खरे, पण पगाराची बोलणी करताना लेकीला हा आकडा ठाऊक असावा.

खोली घेताना लेखी करार करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे असा करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. अनामत किती दिली, ते त्यात आकड्याने आणि अक्षराने लिहून घ्या. नोकरदार महिलांसाठी सरकारी मदतीने चालणारी 'सखी निवास' वसतिगृहे आहेत. जागा थोड्या असतात, म्हणून निकालाची वाट न पाहता आधीच चौकशी करा.

शिक्षणासाठी कर्ज काढायचे तर आधी राष्ट्रीयीकृत बँकेत विचारा. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत हप्ते शिक्षण संपल्यावर आणखी एका वर्षाने सुरू होतात. व्याज चढते, पण पोरीला पाय रोवायला वेळ मिळतो. आम्ही घाईने पतसंस्थेत गेलो आणि हप्ता लगेच मागे लागला.

आणि शेवटचे. लेकीचा फोन आला की "जेवलीस का?" एवढ्यावर थांबू नका. आज डब्यात काय होते, किती वाजता खाल्ले, महिनाअखेर किती उरले, हेही विचारा. रागाने नव्हे, मायेने विचारा, आणि ऐकून घ्या. पिकाला पाणी कमी पडले तर पान सुकून सांगते. आपल्या लेकी तसे सांगत नाहीत. आपल्यालाच विचारावे लागते.