सात दिवस, सात पुस्तकं

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या मुहूर्तावर, कन्येने पैज लावली, "बाबा, आठवड्यात सात पुस्तकं! हरलात तर महिनाभर रिमोट माझा."

आयुष्यभर नोटा मोजणाऱ्याला जाडी बोटांनाच कळते. शंभर नोटांच्या पॅकेटाहून जाड पुस्तक दिसलं, की मी ते अदबीने मागे सारी. सौ. म्हणाली, "अहो, पुस्तकं निवडताय की पापड?"

पहिल्या दिवशी माडगूळकरांची 'बनगरवाडी'. झाली! दुसऱ्या दिवशी सर्वांत बारीक म्हणून बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९) उचललं आणि तिथेच फसलो. युरोपातून निघालेली बोट, चक्रधर आणि ती ज्यू हॅर्टा. मध्यरात्री पुस्तक संपलं. पण बोटीवरून मला काही उतरता येईना. सकाळी पैसे भरायला आलेल्या आजोबांच्या हातात मी काढायची स्लिप ठेवली. तिसरं पुस्तक उघडलं, मिटलं. चौथ्या दिवशीही तेच.

सातव्या दिवशी हिशेब झाला : जमा दोन, येणे बाकी पाच. रिमोट कन्येकडे गेला.

"असं आहे तरी काय त्यात?" म्हणत तिने 'रणांगण' नेलं. कालपासून टीव्ही बंद आहे.