वायपरचें रबर

मृग लागण्यापूर्वीं घराची डागडुजी उरकून घेण्याचा परिपाठ आपल्याकडे जुना आहे. कौलें शाकारावयाचीं, पन्हळी साफ करावयाच्या, छत्र्यांच्या काड्या पाहावयाच्या, सरपण आंत घ्यावयाचें. आतां बहुतेक घरांवर स्लॅब आला, सरपणाची जागा गॅसनें घेतली आणि दाराशीं मोटार आली. परंतु तिच्या वायपरचें रबर मात्र या यादींत अद्याप चढलेलें नाहीं.

हें रबर झिजतें पावसांत, पण मरतें उन्हाळ्यांत. कित्येक महिने तें तापलेल्या कांचेला चिकटून निजलेलें असतें. सूर्याचे अतिनील किरण आणि हवेंतील ओझोन वायू त्याचा मऊपणा हळूहळू हरण करतात. कड कठीण होते, तिला बारीक चिरा पडतात. वास्तविक या कडेचें काम मोठें नाजूक आहे. पट्टी एका बाजूस जाते तेव्हां कड मागें झुकून कांचेवरून ओढली जाते, आणि पट्टी परत फिरतांना तिनें क्षणांत दुसऱ्या अंगाला कलावें लागतें. कठीण झालेली कड कलत नाहीं. ती उलटी ढकलली जाते. आपण ऐकतों ती खडखड याचीच.

गेल्या वर्षीं आषाढांत आम्ही चिपळुणाहून कऱ्हाडास निघालों होतों. कुंभार्ली घाटांत अंधार पडला आणि पावसानें गांठलें. मुलगा मोटार चालवीत होता, शेजारीं सूनबाई, मागें आम्ही उभयतां व मध्यें सहा वर्षांची नात. समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा कांचेवरील पाण्याच्या पापुद्र्यांत विस्कटून सगळ्या कांचेभर पसरे, आणि त्या दोन-तीन क्षणांत रस्त्याची कड कोठें संपते व दरी कोठें सुरू होते, हें आम्हां चौघां मोठ्यांपैकीं एकासही सांगतां आलें नसतें. शेवटीं एका रुंद जागीं मोटार उभी करून पाऊस ओसरेपर्यंत बसून राहिलों. नात तेवढी स्वस्थ झोंपली होती.

घरीं परतल्यावर आम्ही दोघे सुट्या भागांच्या दुकानांत गेलों. दुकानदारानें सबंध पट्टीच पुढें केली. जुन्या पट्टीचा सांगाडा धड, आंकडे धड, पोलादी पात्या धड. बिघडलें होतें तें बोटभरही रुंद नसलेलें रबर! “नुसतें रबर आतां कोण नेतो, काका?” असें त्यानें वर विचारलें. मुलाचेंही म्हणणें पडलें कीं, “बाबा, त्यासाठीं अर्धा दिवस कशाला घालवायचा?” तें अगदींच टाकाऊ नव्हतें, नोकरी करणाऱ्याचा अर्धा दिवस हाही पैसाच. परंतु संस्कृत व्याकरणांत एका वर्णाच्या जागीं दुसरा येतो, त्यास आदेश म्हणतात. आदेश शत्रूसारखा येतो, पहिल्याला हुसकून त्याची जागा घेतो, असें जुने शास्त्री शिकवीत. पण एका वर्णासाठीं सबंध पद पुसून टाका, असें कोणीही शिकविलें नाहीं. तिसऱ्या दुकानांत रबर मिळालें, आणि तें सबंध पट्टीहून पुष्कळच स्वस्त पडलें.

मात्र सगळें खापर रबरावर फोडूं नये. कांचेवर ठराविक जागीं एकच रेघ उरत असेल तर कड तेथें फाटली आहे असें समजावें. मधला पट्टाच कोरडा होत नसेल तर सांगाडा वांकला आहे किंवा दांड्याची स्प्रिंग सैल झाली आहे. तेथें नव्या रबराचा उपयोग नाहीं. सगळीकडे तेलकट धूसरपणा असेल तर आधीं कांच धुवावी.

१९०३ सालीं अमेरिकेंतील अलाबामाच्या मेरी अँडरसन या बाईंनीं या उपकरणाचें पेटंट घेतलें. वाहनांत बसून दांडा हालवावा व बाहेर रबरी पट्टी फिरावी, अशी ती योजना होती. आणि गरज नसेल तेव्हां ती काढून ठेवण्याचीही सोय होती. बाईंना त्यांतून पैसा मिळाला नाहीं. ती काढून ठेवण्याची सोय तेवढी आपल्या वैशाखासाठीं टिकावयास हवी होती!

रबर बदलण्याचें काम पंधरा मिनिटांचें आहे. दांडा उभा करून पट्टी सोडविली कीं कांचेवर जाड टॉवेलाची घडी ठेवावी, कारण मोकळा दांडा स्प्रिंगच्या जोरानें आपटला तर कांच तडकते. रबराच्या एका टोंकाशीं खांचा असतात. त्यांत शेवटचा आंकडा अडकलेला असतो. तेवढें टोंक जोर देऊन सोडविलें कीं बाकीचें सरकत बाहेर येतें. आंतल्या दोन लांब पोलादी पात्या केरांत टाकूं नयेत. नव्या रबराबरोबर त्या पुष्कळदां येत नाहींत, आणि त्या नसतील तर रबर ताठ राहत नाहीं. त्यांचा बांक ज्या बाजूस होता त्याच बाजूस ठेवून त्या नव्या रबरांत बसवाव्या, आणि एकेका आंकड्यांतून तें ओंवीत न्यावें. एकही आंकडा सुटतां कामा नये. नवें रबर लांब असेल तर जुनें शेजारीं ठेवून बिनखांचेच्या टोंकाकडून कापावें. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बहुधा सारख्या लांबीच्या नसतात, म्हणून मापें वेगवेगळीं घ्यावींत.