घंटा, उजेड आणि श्वास

भारत 2017 पासून जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचा सहयोगी सदस्य आहे. तेथे कामासाठी आलेली एक तरुण भारतीय संशोधिका एका रविवारी लेमान सरोवराकाठच्या रोल या छोट्या गावी उतरली. तिच्या विश्लेषणातून कित्येक महिन्यांत नवे काहीच हाती लागले नव्हते.

पैलतीरावर फ्रान्समधील तोनों. 1826 साली कोलादों आणि स्तुर्म यांनी याच दोन तीरांदरम्यान पाण्यातील ध्वनीचा वेग मोजला. रात्रीच्या वेळी रोलकडील नावेतून पाण्यातली घंटा वाजे आणि त्याच क्षणी दारूचा भडका उडे. पलीकडे कोलादों पाण्यात बुडवलेल्या नळीला कान लावून बसे. अंतर सुमारे साडेतेरा किलोमीटर, वेळ 9.4 सेकंद, वेग सेकंदाला 1435 मीटर. आजच्या मूल्याहून हा आकडा अर्धा टक्काही दूर नाही.

पुढचे मुक्कामाचे गाव मोर्ज. येथे 1841 साली जन्मलेला फोरेल शिक्षणाने वैद्य. पण त्याने आयुष्यभर आपल्या गावच्या सरोवराचीच नाडी पाहिली. काठावरचे पाणी वाऱ्याविनाही हळूहळू चढते व उतरते. हा संपूर्ण सरोवराचा हेलकावा असून त्याचे एक आवर्तन सुमारे 73 मिनिटांचे असते, हे त्याच्या चिकाटीच्या नोंदींतून उलगडले. सरोवरविज्ञानाचा पाया असा घातला गेला.

आजच्या नोंदी मात्र अस्वस्थ करतात. कडक हिवाळ्यात वरचे पाणी थंड व जड होऊन खाली जाते आणि प्राणवायू तळापर्यंत पोहोचवते. हिवाळे उबदार होत गेले, आणि 2012 नंतर दशकाहून अधिक काळ लेमान तळापर्यंत एकदाही पूर्ण ढवळले गेले नाही. वरून मात्र ते तसेच निळे, तसेच प्रसन्न.

हे वाचताना तिला नैनिताल आठवले. तिचे बालपण तेथेच गेले होते. तेथील तलावाच्या तळाशी प्राणवायू उरेना, म्हणून 2007 पासून नळ्यांनी हवा सोडावी लागते. लहानपणी पाण्यावर येणारे ते बुडबुडे तिला गंमत वाटत. पण नैनितालचा तलाव लहान आहे. 580 चौरस किलोमीटर पसरलेल्या, 309 मीटर खोल लेमानला असा श्वास कोण देणार?

परतीच्या गाडीत तिने आपल्या विश्लेषणाची वही पुन्हा उघडली. नवे काही सापडले नाही, ही नोंदही तिने तारखेसह नीट लिहून ठेवली.