पॉइंट किती?

बंदुकीच्या दुनियेत माणसं आकड्यांनी बोलतात. ‘माझ्याकडे पॉइंट पंचेचाळीस आहे’ असं सांगताना आवाजात जो रुबाब येतो, तो ‘पॉइंट बावीस’ म्हणताना येत नाही. हा आकडा म्हणजे कॅलिबर, गोळीची जाडी इंचात. .४५ म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर, .२२ म्हणजे साडेपाचच्या आसपास. गणित एवढं साधं, पण त्यावरून माझ्या ताईच्या घरी आठवडाभर धुसफूस चालली होती.

आपल्याकडे ही वेळ सहसा येत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवान्यासाठी हेलपाटे आहेत, आणि लष्कर-पोलिसांच्या वापरातले अनेक बोअर सामान्य माणसाला वर्ज्य आहेत. त्यामुळे परवाना मिळालेला माणूस बहुधा .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतो. कानपूरच्या सरकारी कारखान्यातून २०१४ मध्ये खास महिलांसाठी म्हणून आलेलं ‘निर्भीक’ही .३२ चंच. अमेरिकेत, त्यातही टेक्साससारख्या राज्यात, मात्र बंदुकीच्या दुकानात शिरलं की लग्नाच्या बस्त्याला बसल्यासारखं होतं. हे दाखवा, ते दाखवा!

ताई आणि भावोजी बरीच वर्षं सॅन अँटोनियोजवळ राहतात. २०२३ च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या भावोजींना शेजाऱ्यांच्या संगतीने नेमबाजीचा नाद लागला होता. आता त्यांना स्वतःचं ‘सिंगल-ॲक्शन’ रिव्हॉल्व्हर हवं होतं. म्हणजे जुन्या काउबॉय सिनेमांत दिसतं ते. दर गोळीला मागचा घोडा अंगठ्याने ओढायचा. चाप दाबला की तो फक्त सुटतो. काडतुसं बाजूच्या छोट्या झडपेतून एकेक करून भरायची आणि रिकाम्या पुंगळ्याही एकेक करून ढकलून काढायच्या. कोल्ट कंपनीने १८७३ मध्ये आणलेलं हे रूप लोक आजही हौसेने घेतात. घाईच्या माणसाचं हे काम नाही.

प्रश्न होता कॅलिबरचा. भावोजींचा जीव .४४ मॅग्नमवर जडला होता. ते काडतूस १९५० च्या दशकात आलं, मोठ्या जनावरांच्या शिकारीलाही चालणारं. ताई म्हणाली, “अहो, तुम्ही पुठ्ठ्याला भोकं पाडणार ना? मग तिघांच्या घरात पन्नास पानांचं पातेलं कशाला?”

भावोजींनी नुसतं हसून तो विषय टाळला. शेवटी आम्ही सगळेच नेमबाजीच्या मैदानावर गेलो. तिथे वेगवेगळी रिव्हॉल्व्हरं भाड्याने मिळतात. .४४ चा पहिला बार झाला आणि कानावर संरक्षक असूनही माझ्या छातीत धस्स झालं. भावोजींचे दोन्ही हात कपाळापर्यंत उडाले. दुसरी गोळी निशाणाच्या खाली गेली, तिसरी त्याहून खाली.

तिथल्या वयस्कर प्रशिक्षकाने मग एक साधी युक्ती केली. भावोजींना पाठ करून उभं केलं आणि चक्रात खऱ्या काडतुसांमध्ये दोन खोटी, बिनदारूची मिसळली. कुठली कुठे, ते त्यांना ठाऊक नाही. खोट्यावर घोडा पडला, नुसतं ‘टक्’ झालं. आणि तरीही नळी झपकन खाली गेली! धक्का नव्हताच, पण धक्क्याच्या भीतीने हात आधीच दचकला होता. भावोजी ओशाळले. प्रशिक्षक एवढंच म्हणाला, की हाताला जे घाबरवतं ते बोटाला कधीच शिकवत नाही.

मग त्याने .३५७ मॅग्नम पुढे केलं. हे काडतूस १९३५ चं. त्याची खुबी अशी, की या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल नावाचं जुनं, सौम्य काडतूसही चालतं. नावं वेगळी असली तरी दोन्हींच्या गोळीची जाडी एकच. मॅग्नमची पुंगळी तेवढी किंचित लांब. म्हणूनच .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नम जात नाही, उलटं मात्र चालतं. रोजच्या सरावाला स्वस्त .३८, आणि हौस आली तर मॅग्नम. .३८ वर भावोजींच्या सहापैकी पाच गोळ्या वर्तुळात लागल्या. ताईनेही सहा झाडल्या आणि काही न बोलता रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं.

प्रश्न सुटला असं मला वाटलं. पण घरी आल्यावर भावोजी सहज म्हणाले, “पोरासाठी एक .२२ पण घेऊ. लहानच तर असतं!” भाचा सोळा वर्षांचा. ताईचा चेहराच बदलला. ती इस्पितळाच्या तातडीच्या विभागात नर्स आहे.

“अमेरिकेत बंदुकीने जाणाऱ्या जिवांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात,” ती म्हणाली. “आमच्याकडे येणाऱ्यांना कॅलिबर कुणी विचारत नाही. .२२ पण पुरतं. या वयातल्या पोराचा एखादा दिवस वाईट जातो. त्या दिवशी कपाट उघडं नको, एवढंच मला हवंय.”

घरात शांतता पसरली. भाचा खोलीच्या दारातच उभा होता. तो म्हणाला, “आई, मला मैदानावर घेऊन जाल का? घरी नको.”

मग अटी ठरल्या. रिव्हॉल्व्हर एकच, .३५७ चं. तेही नव्या बनावटीचं, ज्यात चाप पूर्ण दाबल्याशिवाय घोड्याचा घाव काडतुसापर्यंत पोचत नाही. जुन्या धाटणीच्या सिंगल-ॲक्शनमध्ये तशी सोय नव्हती, म्हणून जाणती माणसं घोड्याखालचा एक कप्पा रिकामा ठेवत आणि पाचच गोळ्या भरत. रुगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरांत ही सुधारणा केली. शिवाय तिजोरी पोलादी हवी, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि त्या कुलपाची किल्ली ताईकडे.

भावोजींनी मान्य केलं. थोडे खट्टू झाले, पण मनापासून. परवाच ताईचा फोन आला होता. बापलेक महिन्यातून एकदा मैदानावर जातात, आणि लेकाचा नेम बापापेक्षा चांगला आहे, असं ती हसत सांगत होती. किल्ली अजून तिच्याच पर्समध्ये असते.

वाचकहो, बंदूक घरात आणावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न. पण कुणी तुम्हाला ‘पॉइंट किती?’ असं विचारलं, तर दोन गोष्टी आधी बघा: ती पेलणारा हात कुणाचा आहे, आणि ते कपाट उघडू शकणारे हात किती आहेत.