दूध टाकणे

तान्ह्या बाळाच्या ओठांतून दूध बाहेर आले, की मराठी घरांत दोन वेगवेगळी वाक्ये बोलली जातात. ‘बाळाने दूध टाकले’ हे एक आणि ‘बाळाला उलटी झाली’ हे दुसरे. पहिल्या वाक्यात बाळ कर्ता आहे. जास्त झालेले त्याने टाकून दिले आणि ते मोकळे झाले. दुसऱ्यात बाळावर काहीतरी ओढवले आहे. व्याकरणातला हा भेद किती उपयोगाचा आहे, हे मला मुलीच्या जन्मानंतर माहेरी काढलेल्या तीन महिन्यांत उमगले.

मुलगी पंधरा दिवसांची झाली आणि जवळजवळ प्रत्येक वेळी पाजल्यावर दूध टाकू लागली. कधी पातळ, कधी दह्यासारखे फुटलेले. दिवसाला आठ-दहा दुपटी आणि तीन-चार झबली धुवावी लागत. माझ्या खांद्याचा आंबूस वास आंघोळीनंतरही जात नसे. आई निवांत असे. ‘टाकते आहे, ओकत नाही,’ एवढेच ती म्हणे. भेटायला येणाऱ्यांचे मत मात्र बाळाकडे पाहून नव्हे, तर माझ्या ताटाकडे पाहून बनत असे. दूध जड आहे, तूप कमी कर. डाळ सोड. अळिवाची खीर बंद कर. एका वडीलधाऱ्या बाईंनी तर अंगावरचे थांबवून वरचे दूध सुरू करायला सुचवले. म्हणजे आता तिसरे वाक्य तयार झाले होते : आईचे दूध बाळाला बाधते. यात कर्ता बाळ नाही, दुखणेही नाही. कर्ती आई आहे, आणि तीच आरोपी.

खरे पाहता कारण अगदी साधे असते. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली स्नायूंची कडी नवजात बाळात वरचेवर सैल पडते. अन्ननलिका आखूड, आहार सगळा पातळ आणि बाळ बहुतेक वेळ आडवे. दूध वर न आले तरच नवल. दही झालेले दिसते ते दूध नासल्यामुळे नव्हे, तर जठरात पचन सुरू झाल्यामुळे. १९९७ साली शिकागो परिसरातल्या बाळांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत तीन महिन्यांपर्यंतची निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण ६७ टक्के होते आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत अवघे ५ टक्के. जर्मन भाषेत तर म्हणच आहे, की दूध टाकणारी बाळे ती बाळसे धरणारी बाळे.

आईने एकदा चमचाभर दूध कोरड्या दुपट्यावर ओतून दाखवले. डाग तळहाताहून मोठा झाला. ‘एवढेच बाहेर आले, बाकी पोटात आहे,’ ती म्हणाली. मग आम्ही उपाय केले तेही साधेच. पान्हा जोराने येई तेव्हा मी मागे रेलून पाजत असे, म्हणजे मुलीला घाईघाईने गिळावे लागत नसे. मध्येच एकदा ढेकर काढायची, पाजून झाल्यावर वीसेक मिनिटे उभे धरायचे, पोटावर दाब येईल असे काही घट्ट बांधायचे नाही. झोपवायचे मात्र पाठीवरच, सपाट अंथरुणावर. दूध घशात अडकेल या भीतीने कुशीवर किंवा पालथे झोपवणे अधिक धोक्याचे.

बाळंतिणीच्या ताटाचा संबंध कधीच नसतो, असे मात्र नाही. काही थोड्या बाळांना गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असते आणि ती प्रथिने आईच्या दुधातून पोचतात. शीत रक्ताचे धागे दिसणे, अंगावर इसब उठणे, सतत कळवळणे अशी चिन्हे असली, तर डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध-दुभते वर्ज्य करून पाहायला सांगतात. तेव्हाही स्तनपान चालूच राहते. आणि ‘उलटी’ हा शब्द खरोखर लागू पडतो तेव्हा एक दिवसही थांबू नये : हिरवी उलटी, रक्त, पहिल्या दोन महिन्यांत वाढत जाणारी पिचकारीसारखी उलटी, वजन न वाढणे, लघवी कमी होणे, ताप किंवा मरगळ.

आमच्याकडे यांतले काही नव्हते. दर आठवड्याला काट्यावर मुलीचे वजन वाढलेले दिसे, दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत, आणि दूध टाकून झाल्यावर ती स्वतःशीच हसे. डॉक्टरांनी कोणतेही औषध दिले नाही. ती बसू लागली तसे दूध टाकणे कमी झाले. मला आजही विचार पडतो तो त्या ताटाचा. प्रसूतीतून नुकत्याच उठलेल्या, रात्री जागणाऱ्या, भुकेल्या बाईच्या पुढ्यातून एकेक पदार्थ उचलला जातो, आणि बाळाला काट्यावर ठेवून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.