आधी तंबोरा

शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४

स्पीकर निवडायला दुपारभर कोलमन स्ट्रीटवरच्या ‘द अडेल्फी’त होतो. सिंगापुरातल्या हाय-फायवाल्यांचं हे जुनं ठाणं. दुकानात ऐकवायला बहुधा ड्रम किंवा जॅझ लावतात; ठोका छातीत बसतो आणि माणूस भारावतो. मी किशोरीताईंचा भूप लावायला सांगितला. आई सोबत होती. ती मिरजेची, सतारमेकर गल्लीच्या आसपास वाढलेली. म्हणाली, “गाणं मागाहून ऐक रे, आधी तंबोरा कसा वाजतोय ते बघ.”

याहून चांगली परीक्षा नाही. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी जुळवली, की एकाच तारेतून वरचे कितीतरी स्वर उमलतात. स्पीकरमधला वरच्या स्वरांचा ट्वीटर तिखट असला तर ते चरचरतात, दबलेला असला तर नुसती घूं उरते. मोठ्या, महागड्या जोड्यांतही जवारी हरवलेली ऐकली. याच वर्षी मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे आईने दुकानदाराला आवर्जून सांगितलं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

लहान पेटीत खर्ज मावेल का, हा प्रश्न डोक्यात होता. पुरुष गायकाचा सा काळी एकचा धरला, तर तंबोऱ्याच्या खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर येते. पाच इंची कोनाचा स्पीकर तिथे क्षीण होतो. पण त्या तारेत १३९, २०८ असे वरचे स्वर भरपूर असतात, आणि ते स्वच्छ आले की पायाचा स्वर कान स्वतः पुरा करतो. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्य-प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए हा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर घडवला, तो माणसाचा आवाज पारखण्यासाठी. ख्यालाला हेच हवं. शिवाय त्याची पेटी बंद असते, मागे भोक नसतं. आमच्या एचडीबीच्या (सरकारी वसाहतीतल्या) घरात स्पीकर भिंतीपासून फार दूर सरकवता येत नाहीत, तिथे हे सोयीचं.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

तशाच घडणीची वापरलेली जोडी कॅरोसेल या जुन्या वस्तूंच्या साइटवर मिळाली. हळदकुंकू, झेंडू वाहिला.

रविवार, १३ ऑक्टोबर

घेण्याइतकंच ठेवणंही महत्त्वाचं. माझ्या मते जास्तच. पुस्तकांच्या कप्प्यात पेटी घुमते, म्हणून स्टँड आणले. ट्वीटर कानाच्या रेषेत. दोन्ही स्पीकर आणि खुर्ची यांचा समभुज त्रिकोण. भिंतीपासून वीतभर अंतरावर डग्गा फुगत होता, हातभर पुढे ओढल्यावर त्याची मींड कळू लागली.

डावीकडे बॉम्बपासून निवाऱ्याच्या खोलीची काँक्रीटची भिंत, उजवीकडे काच, खाली फरशी. सगळ्यावरून आवाज उसळतो. मी खुर्चीत बसलो आणि आई भिंतीलगत आरसा सरकवत गेली. आरशात स्पीकर दिसला तिथे जाड सतरंजी टांगली. काचेला पडदा, पुढ्यात गालिचा. मग तंबोरा दोन पेट्यांतून वेगवेगळा येईना, गाणाऱ्या बाईंच्या मागे लागला. आई म्हणाली, “आता बसलाय.”

गुरुवार, ३१ ऑक्टोबर, दिवाळी

अभ्यंगस्नानानंतर पहाटेचं गाणं हवंच. पण रात्री दहा ते सकाळी आठ शांतता पाळायची, असा इथला संकेत आहे, आणि खालचा शेजारी म्हातारा आहे. खर्जाच्या लाटा स्लॅबमधूनही उतरतात, म्हणून स्टँडखाली रबराच्या चकत्या दिल्या. आवाज कमी केला की सर्वांत आधी खर्ज पुसट होतो. कानाचा हा स्वभाव फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवला. बटण न फिरवता स्पीकर एकमेकांजवळ आणले आणि खुर्ची दीड मीटरवर ओढली, त्रिकोण लहान झाला. भिंतींचा वाटा घटला, तंबोरा पुन्हा भरून आला. फरशीवर चिकटपट्टीने दोन खुणा केल्यात, एक पहाटेच्या जागेची, दुसरी संध्याकाळच्या.